साठ किलोंचा सोबती घरात आणण्यापूर्वी

प्रश्न

आमच्या घरात माझे पती, मी, आठ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघे जण आहोत. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असून त्या काठीच्या आधाराने चालतात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी ऐसपैस आहे आणि इमारतीला लिफ्ट आहे. आपला एक ग्रेट डेन जातीचा कुत्रा असावा, ही माझ्या पतींची लहानपणापासूनची इच्छा आहे. ओळखीच्या एका ब्रीडरकडे सात आठवड्यांची पिल्ले आहेत. त्यांतला निळसर करड्या रंगाचा एक नर आमच्या मुलीच्या मांडीवर झोपून गेला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. 'ही जात शांत असते, फ्लॅटमध्येही आरामात राहते,' असे ब्रीडर म्हणतात आणि त्यांनी पंधरा दिवसांत निर्णय कळवायला सांगितले आहे. आम्ही दोघेही नोकरीसाठी रोज नऊ तास बाहेर असतो आणि याआधी आम्ही कुत्रा पाळलेला नाही. घर मोठे आहे, हौसही आहे. पण एवढा मोठा कुत्रा आम्हाला झेपेल का?

उत्तर

तुमच्या पत्राच्या अखेरीस आलेला 'झेपेल' हा शब्द मला फार नेमका वाटला, कारण महाकाय जातीच्या कुत्र्याबाबत तो दोन्ही अर्थांनी विचारावा लागतो: त्याची जबाबदारी झेपेल का आणि त्याचे वजन झेपेल का. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत माझे उत्तर असे आहे की, हे पिल्लू तुम्ही आत्ता घेऊ नये. माझ्याकडे तारा नावाची ग्रेट डेन कुत्री नऊ वर्षे होती आणि तिच्याइतका जीव मी फार थोड्यांना लावला आहे. त्यामुळे हे उत्तर या जातीविषयीच्या नावडीतून आलेले नाही, एवढे लक्षात घ्यावे.

ब्रीडरने सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, दोन वेळच्या निवांत फेरफटक्यावर समाधानी राहतो आणि पुष्कळदा तो घरात आहे हे जाणवतही नाही. हा शांतपणा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर येतो. जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे असलेले पिल्लू वर्षभरात पन्नास किलोंच्या आसपास पोचते. पूर्ण वाढलेला नर साठ किलोंच्या वर सहज जातो आणि खांद्यापाशी त्याची उंची ७६ सेंटिमीटरहून अधिक भरते. म्हणजे आठव्या महिन्यापासून दुसरे वर्ष सरेपर्यंत तुमच्या घरात जो प्राणी वावरेल, त्याचे अंग मोठ्या माणसाएवढे आणि अक्कल पिल्लाची असेल. बेल वाजली की धावत सुटणे, आलेल्याच्या अंगावर पुढचे पाय टाकणे, समोर दिसेल ते चावून पाहणे, हे सात किलोंच्या पिल्लाने केले तर आपण कौतुकाने फोटो काढतो. तेच पन्नास किलोंच्या कुत्र्याने केले की माणूस आडवा होतो. म्हणून जे मोठेपणी चालणार नाही ते पहिल्या दिवसापासूनच चालू द्यायचे नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा लागतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला ते रोज जमेल अशी अपेक्षा धरणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मला सर्वाधिक काळजी तुमच्या सासूबाईंची वाटते. ग्रेट डेनला माणसाच्या अंगाला अंग टेकून उभे राहण्याची सवय असते. तो जवळ येतो, आपली कूस तुमच्या मांडीला लावतो आणि सगळा भार तुमच्यावर सोडून स्वस्थ उभा राहतो. ही त्याची माया व्यक्त करण्याची रीत आहे आणि तिच्यात दांडगाई अजिबात नसते, परंतु तारा अशी टेकली की मला एक पाय मागे रोवून तोल सावरावा लागे, आणि तेव्हा मी चाळिशीत होते. काठी टेकत चालणाऱ्या व्यक्तीजवळ मागे रोवायला तसा भक्कम पाय नसतो. त्यात रात्री न्हाणीघराच्या दारात आडवा पसरलेला करड्या रंगाचा कुत्रा अंधारात दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात न लिहिताच आली आहे. तुम्ही दोघे नऊ तास बाहेर आणि मुलगी शाळेत असताना पिल्लू घरात एकटे राहणार नाही, ते सासूबाईंजवळ राहणार आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-अडीच तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते. तसे कोणी नेले नाही तर ते घरातच करणार, ते पुसायला त्याच वाकणार आणि ओल्या फरशीवरून त्याच चालणार. पुढे तो मोठा झाला की दार उघडताना त्याला आवरायचे कामही त्यांच्याच वाट्याला येईल. तुम्ही त्यांचे वय, गुडघा आणि काठी या सगळ्यांचा उल्लेख केला आहे, पण त्यांना कुत्रा हवा आहे का, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. त्यांना बाजूला बसवून, पती आणि नात समोर नसताना, हा प्रश्न तुम्ही विचारावा, कारण घरातल्या दोघांचा आनंद मोडू नये म्हणून वडीलधारी माणसे 'माझे काही म्हणणे नाही' असे म्हणून मोकळी होतात आणि त्याचा अर्थ होकार असतोच असे नाही.

फिरवण्याचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. तुमचे पती गावाला गेले असतील किंवा तापाने झोपून असतील, त्या दिवशी पट्टा कोणाच्या हातात असेल? समोरून दुसरा कुत्रा आला आणि साठ किलोंच्या कुत्र्याने मुसंडी मारली, तर त्या क्षणी बळ उपयोगी पडत नाही. आधीच्या दीड-दोन वर्षांत दिलेले शिक्षणच उपयोगी पडते, आणि ते ज्याने दिले त्याचेच कुत्रा ऐकतो. म्हणून महाकाय कुत्र्याच्या घरात त्याला एकट्याने नेऊ शकणारी किमान दोन मोठी माणसे असावी लागतात. मुलीच्या हातात पट्टा देण्याचा विचार तर पुढची कित्येक वर्षे मनातही आणू नये. लिफ्ट बंद पडलेला दिवसही विचारात घ्या. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा साधारण दीड वर्षापर्यंत कोवळ्या असतात, त्यामुळे या काळात तीन मजले वारंवार चढ-उतार करणे, उंचावरून उड्या मारणे आणि दमेपर्यंत धावणे हे सगळे टाळायचे असते. आणि पाच महिन्यांचे पिल्लूही कडेवर घेऊन जिना उतरण्याइतके हलके राहिलेले नसते.

खाण्याच्या बाबतीत नवख्या मालकांच्या हातून जी चूक होते ती प्रेमापोटीच होते. आपला कुत्रा अधिक भारदस्त व्हावा म्हणून त्याला भरपूर खायला घालतात आणि हाडे बळकट व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमच्या गोळ्या देतात. १९७४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी ग्रेट डेनच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हवे तेवढे पौष्टिक अन्न मिळालेल्या पिल्लांची वाढ झपाट्याने झाली आणि त्यांच्याच हाडांत व सांध्यांत दोष अधिक निर्माण झाले. कोवळ्या वयात पिल्लाचे आतडे जादा कॅल्शियम पुरेसे अडवू शकत नाही, ते शरीरात शोषले जाते आणि हाडांची घडण बिघडते. म्हणून या पिल्लांना मोठ्या जातींसाठी मुद्दाम तयार केलेला, कॅल्शियमचे प्रमाण सांभाळलेला आहार मोजून द्यावा लागतो आणि बरगड्या बोटांना सहज लागतील इतके त्यांना सडपातळ ठेवावे लागते. शेवटची उंची आनुवंशिकतेने ठरलेली असते. सावकाश वाढवल्याने ती कमी होत नाही, फक्त थोडी उशिरा गाठली जाते.

आता ज्या आजाराविषयी ब्रीडरने बहुधा तुम्हाला काही सांगितले नसेल, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे पोट कधी कधी वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ घेते. दोन्ही तोंडे आवळली जातात, पोटाचा रक्तपुरवठा तुटतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत कुत्रा दगावतो. या दुखण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या जातींत ग्रेट डेनचे नाव अग्रभागी आहे. तारा सहा वर्षांची असताना एका रात्री अकराच्या सुमारास ती झोपेतून उठली, कोपऱ्यात गेली आणि उलटी काढू लागली. दोनदा, तीनदा, चारदा जोर केला तरी पांढऱ्या फेसाशिवाय काहीच बाहेर येईना. ती सारखी मान वळवून आपल्या कुशीकडे पाहत होती. मी तिच्या बरगड्यांमागे बोटाने टिचकी मारली, तर ताणलेल्या ढोलकीसारखा आवाज आला. भाऊ त्या दिवशी मुक्कामाला होता म्हणून आम्ही दोघांनी तिला चादरीवर घेऊन गाडीत घातले आणि रात्री उघड्या असलेल्या दवाखान्यात चाळीस मिनिटांत पोचवले. पीळ सोडवून डॉक्टरांनी तिचे पोट आतून बरगड्यांलगतच्या भिंतीला टाके घालून पक्के केले आणि ती वाचली. मी एकटी असते तर तिला गाडीपर्यंत नेऊ शकले नसते, हे मला तेव्हाही कळत होते.

पोट असे पक्के करण्याची शस्त्रक्रिया आजार होण्यापूर्वीही करून घेता येते आणि पुष्कळदा ती नसबंदीच्या वेळीच उरकली जाते. ग्रेट डेन घेणाऱ्या प्रत्येकाने त्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाचे अन्न एकाच वेळी न देता दोन-तीनदा विभागून द्यावे, बकाबका खाणाऱ्या कुत्र्याचा वेग कमी करावा आणि उंच घडवंचीवर भांडे ठेवण्याचा प्रघात सोडून द्यावा, कारण पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्या कुत्र्यांत हा धोका अधिक आढळला होता. जवळच्या नातलगाला हा आजार झालेला असणे हेही त्यात धोक्याचे कारण ठरले. तेव्हा पिल्लाच्या आईबापांना, आजीला किंवा भावंडांना असे कधी झाले होते का, हे ब्रीडरला विचारलेच पाहिजे. तुमच्यापुरता आधी तपासण्याचा मुद्दा एवढाच की, रात्री अशी शस्त्रक्रिया करणारा दवाखाना तुमच्या घरापासून किती अंतरावर आहे आणि त्या वेळी कुत्र्याला उचलणारे दुसरे माणूस घरात असेल का.

आयुष्याचा विषय मुलीसमोर बोलणे अवघड वाटते, पण तो आधीच बोललेला बरा. ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षे जगतो. कुत्र्यांमध्ये देह जितका मोठा तितके आयुष्य कमी असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर दोन किलो वजनामागे अपेक्षित आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते असा हिशेब मांडला गेला, आणि त्याचे कारण म्हणजे मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होताना दिसतात. अमेरिकेतील मिशिगनमधल्या झ्यूस नावाच्या ग्रेट डेनची उंची २०११ मध्ये १११.८ सेंटिमीटर भरली आणि जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून त्याची नोंद झाली. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय मोठे होणे, पायाच्या लांब हाडांचा कर्करोग आणि मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जाऊन चाल डगमगणे ही दुखणी या जातीत पाहायला मिळतात, आणि त्यांतली काही ऐन तारुण्यातही येतात.

ताराच्या शेवटच्या चार महिन्यांत तिचे मागचे पाय गेले होते. मी मोठा पंचा तिच्या पोटाखालून घालून त्याची दोन्ही टोके वर धरायची आणि तिचे मागचे अंग उचलून तिला अंगणापर्यंत चालवायची. पुढचे पाय तिचे, मागचे माझे. दिवसातून पाच वेळा आणि रात्री एकदा हे करावे लागे. कूस बदलून दिली नाही तर कोपरांवर आणि खुब्यावर जखमा होतात, म्हणून रात्री घड्याळ लावून उठावे लागे. माझी कंबर तेव्हापासून दुखते आणि मला त्याचे जराही वाईट वाटत नाही, पण माझे घर तळमजल्यावर होते आणि मी घरून काम करत होते, हे तुम्हाला सांगितले नाही तर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. तुमची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असताना आणि सासूबाई ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना हे दिवस तुमच्या घरी येतील. दोघा वृद्ध जिवांना एकाच वेळी हाताचा आधार लागेल, असा संभव खराच आहे.

खर्चाच्या आकड्यांत मी शिरत नाही, मात्र प्रमाण सांगते. साठ किलोंच्या कुत्र्याला दहा किलोंच्या कुत्र्याच्या सहापट अन्न लागत नाही, सुमारे पावणेचारपट लागते, म्हणजे रोजचे साधारण २४०० उष्मांक. जंतांची गोळी, प्रतिजैविके आणि वेदनाशामके मात्र वजनाच्या हिशेबाने लागतात. गाडी, बिछाना, गळपट्टा, सारेच मोठे घ्यावे लागते आणि त्यांतले बिछाना व गळपट्टा पहिल्या वर्षात दोन-तीनदा बदलावे लागतात. सुटीत कुत्रा सांभाळणाऱ्या ठिकाणी एवढा कुत्रा ठेवून घेतात का, हेही आधीच विचारून ठेवावे.

घरातल्या बाकीच्या गोष्टींना उपाय आहेत. गुळगुळीत फरशीवर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात, त्यासाठी ये-जा करण्याच्या वाटेवर रबरी चटया अंथराव्यात. कठीण जमिनीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, त्यासाठी जाड गादी लागते. ओठ लोंबते असल्याने पाणी पिऊन झाल्यावर लाळ आणि पाणी खोलीभर सांडते, तेव्हा भांड्याशेजारी एक फडके कायम टांगलेले असावे. शेपटीची गोष्ट मात्र मला अनुभवानेच कळली. आनंदाने हलणारी ती लांब, चाबकासारखी शेपूट भिंतीवर आपटून तिचे टोक फुटते, आणि एका संध्याकाळी मी घरी आले तर बोळाच्या दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे आणि मध्ये मला पाहून अधिकच जोरात शेपूट हलवणारी तारा, असे दृश्य होते. ती जखम भरायला सात आठवडे लागले, कारण ती दरवेळी आनंदी झाली की पट्टी उडून जायची.

ग्रेट डेन नको तर दुसरी महाकाय जात घ्यावी, असाही विचार कदाचित मनात येईल. तुमच्या अडचणी त्याने सुटणार नाहीत. सेंट बर्नार्ड आणि न्यूफाउंडलंड यांचे वजन तेवढेच, अंगावर दाट केस आणि उकाडा सोसण्याची ताकद कमी. तिबेटन मॅस्टिफ राखणीसाठी घडलेला, स्वतःच्या मताने वागणारा आणि रात्री भुंकणारा, त्यामुळे प्रथमच कुत्रा पाळणाऱ्या फ्लॅटमधल्या कुटुंबाला तो मी कधीच सुचवणार नाही.

तुमच्या पतींची इच्छा मोडीत काढावी, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. दोघांपैकी एकाला घरून काम करता येऊ लागले किंवा दिवसभर घरात थांबणारे धडधाकट माणूस मिळाले, आणि सासूबाईंची मनापासून तयारी असली, तर पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचा, स्थिरावलेला ग्रेट डेन दत्तक घेण्याचा विचार करावा. मोठा झाल्यावर झेपेनासे वाटून लोक या कुत्र्यांना सोडून देतात, त्यामुळे असे कुत्रे घराच्या शोधात असतात. त्यांचा आकार, स्वभाव, पट्ट्याला धरून चालण्याची रीत आणि वृद्धांशी वागणे हे सारे डोळ्यांसमोर असते, अंदाज बांधावा लागत नाही. महिनाभर सांभाळून मग ठरवण्याची मुभा मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. तोपर्यंत मुलीला कुत्र्याचा लळा हवा असेल, तर दहा-बारा किलोंचा, शांत स्वभावाचा प्रौढ कुत्राही तिच्या शेजारी तितक्याच विश्वासाने झोपेल.

ब्रीडरला पंधरा दिवसांची वाट पाहायला न लावता आत्ताच नकार कळवावा, म्हणजे त्या पिल्लाला योग्य घर वेळेवर मिळेल. पुढे कधी पिल्लूच घ्यायचे ठरले, तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि हृदयाच्या सोनोग्राफीचे अहवाल पाहिल्याशिवाय, तसेच आईला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. अहवाल दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

आणि एक काम येत्या सुटीच्या दिवशी करावे. ज्यांच्याकडे पूर्ण वाढलेला ग्रेट डेन आहे अशा कोणाकडे तरी चौघांनी मिळून दोन तास जावे. पट्टा तुम्ही स्वतः धरून, पती सोबत नसताना, त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणावे. नंतर त्याच्या मालकाला त्याला घरात मोकळे सोडायला सांगावे आणि तो खोलीत आल्यावर सासूबाई काठी कुठे धरतात आणि कुठे बसतात, ते पाहावे.